ब्रेकच्या वायरवरची आई

गाडीत बसलेल्या माणसाला रस्ता समोरून येताना दिसतो. मला अकरा वर्षं तो मागे जाताना दिसला. पिकअपच्या हौद्यात उपड्या क्रेटवर गोणपाटाची घडी टाकायची, केबिनला पाठ लावायची आणि बसायचं. पायाशी मासळीचे क्रेट, त्यांच्यापुढे गाडीचा मागचा फाळका, आणि फाळक्याच्या पलीकडे न्हावा शेव्याहून निघालेला एखादा कंटेनरचा ट्रेलर. त्याचं नाक माझ्या तोंडासमोर. ड्रायव्हर तंबाखू मळतोय की फोनवर बोलतोय, हेसुद्धा मला दिसायचं. कुणी फोनवर बोलताना दिसला की मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि हात जोडायचे ते वेगळेच.

आमचा धंदा दोघांचा. करंज्याच्या बंदरावर पहाटे लिलाव व्हायचा. बोली मी लावायची, माल नवरा भरायचा, मग उरण-जासईवरून पनवेलच्या बाजारात. गाडी तो चालवणार, मासळी मी विकणार. पुढची सीट रिकामी असायची. कुणी विचारलं की, बाई, तू पुढं का नाही बसत, तर माझ्याकडे उत्तर तयार असायचं. माझी सासू डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरलेली बाई. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा तिनं मला बजावलं होतं, "घेतलेल्या मालावरचा हात इकल्याबिगर काढायचा नाय गो. हात काढलास की बरकत उतरली." सासू गेली, पाटीचे क्रेट झाले, पायांची चार चाकं झाली, पण माझा हात काही मालावरून निघाला नाही. आणि खोटं कशाला बोलू, वळणावर क्रेट सरकतात, थर्माकोलची झाकणं उडतात, बर्फाचं पाणी सुरमईवरून पापलेटवर येतं. कुणीतरी मागे लागतंच.

मालाच्या गाडीत मागे माणूस बसवायचा नसतो, हे आम्हालाही माहीत होतं. पोलिसांचा नाका आला की मी ताडपत्री डोक्यावरून ओढून घ्यायची. आत बोंबलांचा वास आणि माझा श्वास. नाका गेला की नवरा दोनदा हॉर्न वाजवायचा, मग मी बाहेर.

केबिनच्या मागच्या काचेवर थाप मारायची, अशी आमची खूण होती. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबव. सुरुवातीला नवरा ऐकायचा. पण मी पडले भित्री. ट्रेलर जवळ आला की थाप, आवाज केला की थाप, नुसता दिवा मारला तरी थाप. त्यामुळे माझ्या थापेची किंमतच राहिली नाही. तो गाण्याचा आवाज वाढवायचा. बाजारात पोचलो की म्हणायचा, "काय गो, तुझ्या थापा ऐकत बसलो तं मी उरणातनंच परत फिरेन. काच फोडशील एक दिवस."

माणूस वाईट नाही. हात उगारणं नाही, दारू नाही. पण भीती म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नाही. लहानपणी भरतीच्या खाडीत उड्या मारणारा माणूस. त्याला वाटायचं, भीती हा बायकांचा एक आजार आहे, डोकेदुखीसारखा.

तर आईची गोष्ट. दीडेक वर्षापूर्वी चैत्रात आम्ही डोंगरावर देवीच्या, आमच्या आईच्या, यात्रेला गेलो होतो. तिथून फ्रेमचा एक फोटो आणला. फोटोच्या कडेनं बारीक दिव्यांची माळ. नवरा म्हणाला, डॅशबोर्डवर लावू, चालू गाडीत कायम पेटती ठेवू. मी म्हटलं, नको. करंज्याच्या बंदरावर मी एका टेंपोत बघितलं होतं, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की देवी उजळायची. मला ते फार आवडलं होतं. ब्रेक म्हणजे संकट, आणि संकटाच्या वेळी आईनं डोळे उघडले पाहिजेत, असं माझं साधं गणित. मी हट्टच धरला. ब्रेकच्याच वायरीवर लावायचा.

वायरमनकडे जायचं कशाला, नवरा म्हणाला, एवढं तर मी पण करीन. स्टेअरिंगखाली उताणा होऊन तो आत घुसला. पेडलच्या वर ब्रेकचा स्विच असतो, तिथून एक वायर मागच्या दिव्यांना जाते. ती त्यानं ओढून काढली. मी मोबाईलचा उजेड धरून उभी. आता वायर मधोमध सोलायची होती आणि ब्लेड काही सापडेना. सगळ्या घरात एक ब्लेड नाही! तेव्हा मी म्हटलं, "सरका, माझे दात हायत की." वाकले, वायर तोंडात धरली आणि कराकरा प्लास्टिक ओरबाडलं. तांब्याच्या बारीक तारा ओठाला टोचल्या, रक्ताचा थेंब आला. मी हसले होते, नीट आठवतंय. नवऱ्यानं आईच्या माळेची वायर त्या तांब्याला गुंडाळली, वरून काळी चिकटपट्टी. ब्रेक दाबला. आई उजळली. आम्ही दोघांनी तिथल्या तिथं हात जोडले.

त्यानंतर मी थाप मारली की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. "आई हाय ना? मागचं ती बघंल."

आता मागचे दिवे मला हौद्यातून दिसायचे नाहीत. ते फाळक्याखाली, बाहेरच्या अंगाला. पण थंडीत उजाडायला उशीर होतो. अशा वेळी नवऱ्यानं ब्रेक दाबला की आमच्या दिव्यांचा लाल उजेड मागच्या गाडीच्या बंपरवर पडायचा. ट्रेलरचं नाक एकदम लाल व्हायचं. ते लाल झालं की मला जरा धीर यायचा. म्हणजे त्याला कळलं. म्हणजे तोही आता ब्रेक दाबणार. अकरा वर्षं मी त्या लाल उजेडावर काढली, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या थंडीत, अंधारातल्या पहिल्याच फेरीला, लाल पडलं नाही.

मला वाटलं, आपलं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघत बसले. आमची गाडी हळू झाली हे मला कळत होतं, पाठ केबिनवर दाबली गेली, क्रेट पुढे सरकले. मागच्या ट्रेलरचं नाक काळंच्या काळं. तो जवळ आला, आणखी जवळ आला, आणि मग त्याच्या ब्रेकची हवा फुस्सकन सुटली. माझ्या हातातलं थर्माकोलचं झाकण मधोमध मोडलं होतं, मी ते कधी दाबलं कोण जाणे.

बाजारात पोचल्यावर नवऱ्याला विचारलं, "अवो, मागचे दिवे लागतात ना?"

"आई पेटते का नाय? पेटते. मग मागचे पण लागतात. एकच वायर हाय, तुझ्यासमोरच लावली."

मीच उजेड धरून उभी होते. आणि दुसरंही एक होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. आईचा दिवा लागतोय आणि मी म्हणतेय की मागे अंधार आहे, म्हणजे मी कुणावर शंका घेतेय? माझ्या मनात ते आलं आणि मी कानाला हात लावला. चार-पाच दिवस असेच गेले. रोज मी मागे बसून ते काळं नाक बघायची आणि रोज स्वतःला सांगायची, तुझे डोळे गेलेत, चष्मा कर. घरी हातातून भांडी पडायला लागली. झोपेत पाठ केबिनवर आपटल्यासारखी व्हायची आणि मी उठून बसायची. नवरा म्हणायचा, पित्त झालंय तुला, कोकम पी.

मग तो गव्हाण फाट्याचा दिवस. आमच्या पुढे कुणीतरी रिक्षा आडवी घातली असावी, मला काय दिसतंय. नवऱ्यानं करकचून ब्रेक मारला. मी केबिनवर आपटले, कोळंबीचा क्रेट माझ्या पायावर आला. मागे ट्रेलर होता, भरलेला. तो थांबतच नव्हता. त्याचा ड्रायव्हर एक पोरगेलासा माणूस, लाल मफलर गुंडाळलेला. त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. दोन्ही हातांनी त्यानं स्टेअरिंग धरलं होतं आणि तो अख्खा उभा राहिला होता ब्रेकवर. चाकांचा आवाज आला. जळालेल्या रबराचा वास आला. मी थाप मारायलासुद्धा हात उचलू शकले नाही. आई गं, एवढंच म्हटलं, आणि ते कुठल्या आईला म्हटलं ते माझं मलाच माहीत नाही.

तो थांबला तेव्हा त्याचा बंपर फाळक्यापासून हातभर होता. हातभर म्हणजे खरोखरच हातभर, मी फाळक्यावरून वाकून हात लांबवला असता तर त्याच्या नंबरप्लेटला लागला असता. पोरगा खिडकीतून बाहेर डोकावला आणि ओरडला, "अरे, ब्रेकलाइट तो लगाओ! मारोगे क्या औरत को?"

पुढे नवऱ्याला ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. रिक्षावाल्याला दोन शिव्या हासडून तो निघालासुद्धा.

बाजारात मी क्रेट उतरवू दिले नाहीत. म्हटलं, "आधी केबिनमधे बसा आणि ब्रेक दाबा." मी मागे जाऊन उभी राहिले.

"पेटली आई," पुढून तो ओरडला.

"मागं काय नाय," मी ओरडले.

"असं कसं नाय?"

तो चिडून खाली उतरला. मला केबिनमधे बसवलं, म्हणाला, तू दाब, मी बघतो. मी पेडल दाबलं. आई उजळली, थेट माझ्या तोंडासमोर, तशीच हसरी. मागून काही आवाजच येईना. मी पेडल सोडलं, पुन्हा दाबलं. आई विझली, उजळली. मागून मग त्याचा आवाज आला, एकदम बारीक. "आई पेटली का?"

"पेटली."

"दोनी बंद हायत गो," तो म्हणाला.

त्या दिवशी मी मासळी कशी विकली मला ठाऊक नाही. एका गिऱ्हाइकाला बांगडा म्हणून काय दिलं देव जाणे. बाजार उरकल्याबरोबर आम्ही वायरमनकडे गेलो. गॅरेजेस आहेत त्या गल्लीत त्याची टपरी. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी, सगळे त्याला चाचा म्हणतात. नवऱ्यानं सांगितलं, बल्ब उडालेत, बदला. चाचांनी बल्ब काढून बघितले, दोन्ही धडधाकट. मग त्यांनी दोन वायरी लावलेला एक छोटा बल्ब काढला, एक टोक गाडीच्या लोखंडाला चिमट्यानं लावलं, दुसरं टोक मागच्या दिव्याच्या वायरीला टेकवलं, आणि मला म्हणाले, "भाभी, ब्रेक दाबा." त्यांच्या हातातला बल्ब पेटला नाही.

नवरा बाजूला जाऊन उभा राहिला. मी मात्र चाचांच्या मागे मागे. म्हटलं, चाचा, मला समजावून सांगा, रोज मागे मी बसते.

"मागे बसता? हौद्यात?" त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मग समजावलं नीट. बॅटरीतून करंट निघतो, फ्यूजमधून पेडलच्या स्विचवर येऊन थांबतो. पाय पडला की स्विच वाट मोकळी करतो. करंट वायरीतून मागे जातो, बल्बमधून निघतो आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. "गेला आणि परत आला, तरच दिवा. नुसतं निघून चालत नाही, पोचायला पण पायजे. आता आपण बघायचं, तो कुठं पोचतो आणि कुठं नाही." असं म्हणत ते मागून पुढे सरकत आले. दर थोड्या अंतरावर टेकवायचे, मी दाबायची. हौद्याखाली नाही. केबिनच्या मागे नाही. मग ते स्टेअरिंगखाली घुसले आणि त्यांच्या हातातला बल्ब लख्ख पेटला.

चिकटपट्टी उलगडली. आतून गंजलेल्या तांब्याची हिरवी पूड सांडली. खाऱ्या पाण्याचे पाय घेऊन नवरा रोज त्याच पेडलपाशी बसायचा, सगळा ओलावा तिथंच. चाचांनी वायर जरा ओढली आणि तिचा मागे जाणारा तुकडा सुटून त्यांच्या हातात आला. आईची माळ मात्र स्विचकडच्या तुकड्याला घट्ट.

"ये किसने छीला? उंदरानं खाल्लंय का?" चाचांनी टोक मला दाखवलं. "अर्धे तार तेव्हाच तुटलेत. उरलेले चार-पाच सडून गेले बघा. जोडाला तेवढेच होते."

नवरा माझ्याकडे बघत होता. शेवटी मीच म्हटलं, "मी. दातानं."

चाचा हसायला लागले, मग माझं तोंड बघून थांबले. मी टपरीच्या फळीवर बसले. मी मोजायला लागले होते. लाल पडत नाही हे दिसलं त्याला आठवडा होत आला. पण त्याच्या आधी? उजेड असताना मला काय कळणार? महिनाभर झाला असेल, जास्त झालं असेल. रोज करंजा ते पनवेल, रोज शंभर वेळा ब्रेक, आणि शंभर वेळा नवऱ्याच्या समोर आई उजळली, आणि मागे मी अंधारात. मी स्वतःच्या दातांनी स्वतःचा काळ ओढवून घेत होते. आईचा मला राग आला, खरं सांगते. मनात म्हटलं, दिवा नव्हता लागत तर तू का लागत होतीस? आणि मग माझं मलाच कळलं की तिचा काय दोष. आम्हीच तिला पेडलपाशी बांधली होती. करंट निघाला एवढंच तिला कळत होतं, पोचला की नाही ते तिला कोण सांगणार?

चाचा म्हणाले, मागची वायर नवी टाकतो, आणि ही माळ काढून टाकतो, भानगडच नको. नवऱ्याचा चेहरा उतरला. "आईला काढायची?"

"काढायची नाय," मी उठले. "चाचा, मी एक विचारू? ही माळ पेडलपाशी न जोडता मागं जोडली तर? म्हंजे करंट आधी मागच्या दिव्याला जाईल, आणि तिथनं दुसऱ्या वायरीनं परत पुढं आईला. मागं पोचलाच नाय तर आई पेटणारच नाय. बरोबर का?"

चाचांनी चष्मा काढून पुसला. "भाई," ते नवऱ्याला म्हणाले, "दुकान भाभींना देऊन टाकतो मी." मग मला म्हणाले, "होईल. पण एक समजून घ्या. बल्बच उडाला तर वायरीत करंट असणार, आई पेटणार, आणि मागे अंधारच. त्याला रोज डोळ्यांनी बघणं, दुसरं औषध नाही." आमच्या शेजाऱ्यांची भिंत पांढरी आहे, गाडीची पाठ तिच्याकडे केली की ड्रायव्हरला आरशात लाल दिसेल, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

दुपारभर काम चाललं. चाचांनी जोड कथिल लावून पक्के केले, वरून रबराची नळी चढवून गरम केली, ती आवळून बसली. वायर पाइपमधून, मासळीचं पाणी लागणार नाही अशी वरच्या अंगानं नेली. आईसाठी दुसरी वायर डाव्या मागच्या दिव्यापासून उलट पुढे आणली. मग मला म्हणाले, दाबा. आई उजळली, आणि मागून नवरा ओरडला, "दोनी! दोनी लागले!"

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी पेडल सोडून पुन्हा पुन्हा दाबतच राहिले. चाचा म्हणाले, उभ्या गाडीचं काही खरं नाही, रस्त्यावर धक्के खाऊन बघू. गाडी मी चालवतो, भाभी पुढे बसून आईवर लक्ष ठेवतील, आणि भाई, तुम्ही मागे बसून दिव्यांचं बघा.

"चला की," नवरा म्हणाला आणि उडी मारून हौद्यात चढला. माझ्या क्रेटवर, माझ्या गोणपाटावर बसला, केबिनला पाठ लावून. वर मला चिडवायला म्हणतो कसा, "भ्या वाटलं तं थाप मारतो हां!"

अकरा वर्षांत मी पहिल्यांदा पुढे बसले. चाचांनी गाडी कळंबोलीच्या बाजूला, ट्रेलरच्या रस्त्याला काढली. मला रस्ता समोरून येताना बघून गरगरायला लागलं. चाचांनी ब्रेक दाबला, आई उजळली. नवरा मागे फाळक्यावरून वाकून बघत ओरडला, "लागले!" पुन्हा दाबला, पुन्हा ओरडला. खड्ड्यातून गेलो, तरी उजळली. काम चोख झालं होतं.

मग आरशात ट्रेलर आला. मला त्याची ओळख आवाजानंच पटते. सिग्नल लांब होता, चाचांनी हळूहळू ब्रेक दाबला. आई उजळली आणि उजळलेलीच राहिली. मी आरशात बघत होते, नाक मोठं मोठं होत होतं. नवऱ्याचा "लागले" काही ऐकू आला नाही.

काचेवर थाप पडली. एक.

मी दचकले. मग दोन. मग दोन-दोन अशा लागोपाठ, पंज्यानं, काच हादरली. ती थाप कशी पडते, ती मारताना हाताला काय होतं, ते माझ्याएवढं कुणाला माहीत? ह्याला मी मागे बसू दिलं, असं एकच डोक्यात. "थांबवा, चाचा, थांबवा!" मी ओरडले. चाचांनी गाडी कडेला घेतली. ट्रेलर शेजारून घरघरत निघून गेला.

मी उतरून मागे धावले. नवरा क्रेटवर बसलेला. एक हात मागे काचेवर तसाच टेकलेला, दुसऱ्यानं क्रेटची कड धरलेली. ओठ पांढरे.

"काय झालं? बंद पडले का दिवे?"

"नाय. लागत व्हते."

"मग? लई जवळ आला का?"

त्यानं मान हलवली. काहीच झालं नव्हतं. दिवे पेटत होते, ट्रेलर रोज येतो तेवढाच जवळ आला होता आणि रोज थांबतो तिथंच थांबला होता. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "तू रोज हितं बसतेस?"

ह्या प्रश्नाची उत्तरं मी अकरा वर्षं पाठ केली होती. एक से एक टोमणे तयार होते. मी नुसता हात पुढे केला, तो धरून तो खाली उतरला. जमिनीवर पाय टेकताना अडखळला.

मग तो पुन्हा हौद्याकडे वळला, क्रेटवरचं गोणपाट उचललं, झटकलं, आणि केबिनमधल्या सीटवर नेऊन नीट अंथरलं. "मालाला जाळी बांधू," तो म्हणाला, "चांगली घट्ट. बस तू."

चाचा म्हणाले, भाई, मग तुम्ही कुठं? नवऱ्यानं हौद्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मावू तिघं," म्हणाला आणि माझ्या बाजूला घुसला. आम्ही तसेच दाटीवाटीनं पनवेलला परत आलो. त्याचा हात माझ्या हातात होता. चाचांनी ब्रेक दाबला की आई उजळायची, आणि प्रत्येक वेळी आम्ही दोघंही मान वळवून मागे बघायचो.